आतड्याच्या भित्तिकेतील अंतःस्रावी पेशींचे भ्रूणीय मूळ : एका वादाचा इतिहास

प्रास्ताविक : नागपूरला भ्रूणविज्ञानाची परंपरा आहे. एम. ए. मोघे व ए. गोपालकृष्ण यांनी येथे वटवाघळांच्या भ्रूणविकासाचा व अपरारचनेचा अभ्यास केला. असा अभ्यास प्रामुख्याने क्रमवार छेदांवर आधारलेला असतो. छेदात पेशीचे रूप दिसते. तिचे कूळ मात्र नेहमीच दिसते असे नाही. या मर्यादेचे बोधप्रद उदाहरण म्हणजे आतड्यातील अंतःस्रावी पेशींच्या मुळाविषयीचा वाद होय.

वादाचा उगम : १८९७ मध्ये कुल्चिट्स्की यांनी आतड्याच्या अधिस्तरातील कणयुक्त पेशींचे वर्णन केले. १९१४ मध्ये पिएर मासों यांनी या पेशी चांदीच्या क्षारांनी रंगतात हे दाखविले व त्यांना अंतःस्रावी मानले. पुढे त्यांनी या पेशींचा संबंध चेतासंस्थेशी जोडला. १९६० च्या दशकात लंडन येथील ए. जी. ई. पिअर्स यांनी ‘ॲपड’ ही संकल्पना मांडली. अमाइनांची पूर्वद्रव्ये आत घेऊन त्यांचे रूपांतर करणाऱ्या, शरीरभर विखुरलेल्या पेशींचा हा समूह होय. या पेशींचे रासायनिक गुणधर्म समान, म्हणून त्यांचे मूळही समान, म्हणजे न्यूरल क्रेस्ट, असे अनुमान त्यांनी काढले. पक्ष्यांमधील कॅल्सिटोनिन स्रवणाऱ्या पेशी न्यूरल क्रेस्टपासून बनतात, असे आढळल्याने या अनुमानास बळ मिळाले.

निर्णायक प्रयोग : फ्रान्समधील निकोल ल दुआरँ यांनी लावा पक्ष्याच्या पेशीकेंद्रकातील ठळक रंगद्रव्यपुंजाचा नैसर्गिक खूण म्हणून उपयोग केला. लावाच्या गर्भातील चेतानलिकेचा भाग कोंबडीच्या गर्भात रोपल्यास स्थलांतर करणारी प्रत्येक पेशी ओळखता येते. १९७३ मध्ये ल दुआरँ व तेये यांनी दाखविले की, आतड्यातील चेतागुच्छिका लावाच्या, म्हणजेच न्यूरल क्रेस्टमधून आलेल्या होत्या. परंतु अधिस्तरातील अंतःस्रावी पेशी कोंबडीच्याच होत्या. म्हणजे त्या अंतःस्तरातून निर्माण झाल्या होत्या. १९७४ मध्ये चेंग व लब्लाँ यांनी उंदराच्या लहान आतड्यात अंतःस्रावी पेशींसह अधिस्तरातील चारही प्रमुख पेशीप्रकार एकाच मूलपेशीपासून उद्भवतात, असे प्रतिपादन केले.

समारोप : पिअर्स यांची रासायनिक निरीक्षणे चुकीची नव्हती, चुकले ते साम्यावरून वंश ठरविणारे अनुमान. या भेदाला वैद्यकीय महत्त्वही आहे. हिर्शस्प्रुंग रोगात न्यूरल क्रेस्टच्या पेशी मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे तेथे चेतागुच्छिका नसतात. अंतःस्रावी पेशींचा उगम मात्र या स्थलांतरावर अवलंबून नसतो. म्हणूनच ‘ॲपड’ ही संकल्पना शिकविताना पेशींच्या समान गुणधर्मांचे वर्णन व त्यांच्या उत्पत्तीचा सिद्धांत यांतील फरक स्पष्ट करणे आवश्यक ठरते. एकसारखी दिसणारी पेशी एकाच कुळातील असेलच असे नाही. कूळ ठरविण्यासाठी पेशीचा माग काढावा लागतो.