कांबळं आणि कांबळे

आज बोलायचं आहे एका आडनावाबद्दल. त्याची सुरुवात मात्र झाली चटणीच्या पाकिटावरून.

आमच्या बचत गटाने यंदा शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी करायला घेतली. चव जमली, वजन जमलं, मग लेबलाचा विषय आला. गटाचं नाव, पत्ता, वजन, तारीख हे तर घालायचंच होतं. एकीने सुचवलं की जिच्या हातची चटणी आहे तिचंही नाव घालू, हातची चव म्हटलं की गिऱ्हाईक थांबतं. चटणी आमच्या अध्यक्ष ताईंच्या हातची. त्यांचं आडनाव कांबळे.

खोली एकदम गप्प झाली. मग कुणीतरी म्हणालं, नुसतं नाव टाकू या की, आडनाव कशाला? कारण कुणी बोललं नाही, बोलायची गरजही नव्हती. खायची वस्तू, तालुक्याच्या बाजारात जाणार. शेवटी ताईंनीच विषय मिटवला. "राहू द्या, गटाचंच नाव टाका," म्हणाल्या. हसून म्हणाल्या, पण बैठक संपल्यावर रोजच्यासारख्या चहाला थांबल्या नाहीत.

आमच्या गटात सगळ्या समाजांच्या बायका आहेत. एका सतरंजीवर बसतो, एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतो. तरी त्या दिवशी आम्ही सगळ्या गप्प बसलो, समन्वयक म्हणून ज्यांनी बोलायला हवं होतं त्याही गप्प बसल्या. ते मनाला लागलं. म्हणून वाचनालयातून पुस्तकं आणली, आणि पुढच्या दोन बैठकांत हप्ते जमा झाल्यावर तीच वाचत बसलो. त्यातलं काही आज तुम्हाला सांगतो.

आधी शब्द घेऊ. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायका घोंगड्याला अजून कांबळं म्हणतात. मूळ शब्द संस्कृतातला कंबल. त्याचंच मराठीत कांबळ, कांबळी, कांबळं झालं. मेंढीच्या लोकरीचं, काळं, जाडंभरडं. वर्षातून दोनदा मेंढ्या कातरायच्या, लोकर पिंजायची, बायकांनी चरख्यावर सूत काढायचं, त्याला चिंचोक्याची खळ द्यायची आणि मग खड्ड्याच्या मागावर ते विणायचं. विणणारा गडी दिसतो, सूत काढणारी दिसत नाही, पण हे आपल्याला नवीन नाही. नवं घोंगडं अंगाला टोचतं. वापरून वापरून ते मऊ होतं. पावसात त्याची खोळ करून डोक्यावर घेतली की माणूस दिवसभर रानात राहू शकतो. थंडीत पांघरूण, पाहुणा आला की बैठक, देवाच्या जागरणाला आसन. गरिबाच्या घरातलं एवढं कामाचं दुसरं वस्त्र नसेल.

वस्त्रावरून माणसाला नाव पडणं ही गोष्टही जुनी आहे. गौतम बुद्धांच्या काळात अजित केसकंबली नावाचे एक विचारवंत होते. केसांचं कांबळं पांघरायचे म्हणून केसकंबली. पाली ग्रंथांत या केसांच्या कांबळ्याची टरच उडवली आहे. थंडीत गार, उन्हाळ्यात गरम, विणलेल्या वस्त्रांत सगळ्यात वाईट, असं त्याचं वर्णन आहे. हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, मग आपलं लोकरीचं बरं.

आपल्या भागात कांबळ्याची सर्वांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची. दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्याची कोठारं लोकांसाठी खुली केली आणि बेदरच्या दरबारात त्या धान्याचे पैसे भरून आला तो विठू महार. खांद्यावर कांबळी, हातात काठी. प्रत्यक्ष विठ्ठलच तो, असं कथा सांगते. कथा ऐकताना त्या कांबळीला सगळे हात जोडतात. गावात मात्र तीच कांबळी खांद्यावर टाकून, घुंगरांची काठी वाजवत येसकर दारोदार भाकरी मागायचा, तेव्हा त्याला उंबऱ्यापासून लांब उभं राहावं लागायचं. आमच्या मते आपल्या गावगाड्याची सगळी गोष्ट या दोन चित्रांत आहे.

आता आडनावाकडे येऊ. कांबळे आडनावाची माणसं महाराष्ट्रात अनेक समाजांत आहेत. कोकणात कांबळी आहेत. आमच्या घरच्या पुरुषांना कांबळी म्हटलं की विनोद कांबळीच आठवतो. १९९३ साली लागोपाठच्या दोन कसोटींत त्याने द्विशतकं ठोकली होती, तीही आधी इंग्लंडविरुद्ध २२४ आणि मग झिंबाब्वेविरुद्ध २२७. ते असू द्या. आमचं लक्ष गेलं ते दुकान चालवणाऱ्या आणि लेखणी चालवणाऱ्या कांबळ्यांकडे.

पहिले गंगाराम कांबळे, कोल्हापूरचे. शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पागेतल्या इतर नोकरांच्या पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना फटक्यांनी मारलं गेलं. महाराज परत आल्यावर त्यांना हे कळलं. त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा दिली आणि गंगारामांना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा टाकायला सांगितलं. गंगारामांनी चहाचं हॉटेल काढलं. सत्यसुधारक हॉटेल त्याचं नाव. आता विचार करा, शंभर वर्षांपूर्वी त्यांच्या हातचा चहा कोण पिणार? गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा प्यायला लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजायला लागले. कुणाला अर्जावर सही हवी असली की, गंगारामच्या हॉटेलात या, तिथे देतो, असं सांगायचे. सही हवी तर चहा प्यावाच लागायचा! हे वाचलं तेव्हा खोलीत हशा झाला. नंतर एक ताई हळूच म्हणाली, आपल्या चटणीला कुठला महाराज येणार?

गंगाराम हे उपकार विसरले नाहीत. महाराज १९२२ साली गेले. १९२५ साली कोल्हापुरात नर्सरी बागेत त्यांचं स्मारक उभं राहिलं, ते गंगाराम कांबळे आणि त्यांच्या समाजबांधवांनी उभं केलेलं. शाहू महाराजांचं हे पहिलं स्मारक. ते दरबाऱ्यांनी उभारलं नाही, चहाचं दुकान चालवणाऱ्याने पुढाकार घेऊन उभारलं.

पुण्यात त्याच सुमारास शिवराम जानबा कांबळे काम करत होते. जन्म १८७५ चा. आपल्या लोकांना लष्करात पुन्हा घ्यावं म्हणून त्यांनी सभा भरवल्या, सरकारकडे अर्ज केले. १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढलं. बायकांच्या दृष्टीने त्यांचं मोठं काम म्हणजे देवाला सोडलेल्या मुरळ्यांचा प्रश्न त्यांनी उघडपणे मांडला. एका मुरळीने लिहिलेलं पत्र १९०९ साली त्यांनी मासिकात छापलं, आणि अशा बायकांची लग्नं लावून द्यायला पुढे झाले. बाईच्या दुःखावर पुरुषांनी लेख लिहिणं वेगळं आणि तिचंच पत्र छापणं वेगळं. आपल्या कानाला हा फरक लगेच कळतो. पुढे याच देवदासींच्या प्रश्नावर पत्रकार उत्तम कांबळे यांनी पुस्तक लिहिलं. लहानपणी त्यांनी वर्तमानपत्रं विकली होती. २०१० साली ठाण्याच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

आता शांताबाई कांबळे. आमच्या गटात यांच्यावरच सगळ्यात जास्त बोलणं झालं, कारण त्यांचं गाव महूद, सांगोला तालुक्यातलं. आमच्यातल्या दोघींचं माहेर त्याच बाजूचं. जन्म १९२३, माहेरचं आडनाव बाबर, घरात नाव नाजा. घरात अठराविसे दारिद्र्य, तरी आईबापाने शिकवलं. १९४२ साली त्या जिल्हा बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या दलित समाजातल्या त्या पहिल्या शिक्षिका. नवरा कृष्णाजी कांबळे, तेही मास्तर. मास्तरांनी दुसरं लग्न केलं तेव्हा शांताबाई भांडत बसल्या नाहीत, रडत बसल्या नाहीत, सरळ माहेरी निघून आल्या. पायावर उभ्या राहिल्या. पुढे नवराच परत आला. हे सगळं त्यांनी 'माज्या जल्माची चित्तरकथा' या पुस्तकात साध्या गावाकडच्या बोलीत लिहिलं. पुस्तक १९८६ चं. त्यावर 'नाजुका' ही मालिका १९९० साली मुंबई दूरदर्शनवर आली. दलित पँथरच्या चळवळीतले कवी अरुण कांबळे हे त्यांचेच चिरंजीव.

आणि बेबीताई कांबळे. जन्म १९२९, आजोळी पुरंदर तालुक्यातल्या वीरगावला, माहेरचं आडनाव काकडे. तेराव्या वर्षी लग्न होऊन कांबळे झाल्या. संसार फलटणला. हाताला काम नाही, तेव्हा बेबीताईंनी नवऱ्याला सुचवलं की आपण छोटा धंदा करू. घडांमधून गळालेली सुटी द्राक्षं विकण्यापासून सुरुवात केली, मग भाजी, मग किराणा. गिऱ्हाईक आपल्याच वस्तीतलं. पुड्या बांधायला रद्दी यायची, ती वाचता वाचता त्या लिहायला लागल्या. नवरा माल आणायला गेला की गल्ल्यावर बसून लिहायचं आणि वह्या कुणाच्या हाती लागणार नाहीत अशा जागी लपवायच्या. असं वीस वर्षं चाललं! आमच्यातल्या कितीजणींनी पासबुक डब्यात लपवलंय, त्यामुळे हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. शेवटी ते लिखाण १९८२ साली 'स्त्री' मासिकातून क्रमशः आलं आणि 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. पुढे त्यांनी फलटणजवळ निंबुऱ्याला मुलांसाठी आश्रमशाळा काढली. २०१२ साली त्या गेल्या.

'जिणं आमुचं' मध्ये कपड्याची एक गोष्ट आहे, ती ऐकून आम्ही थांबलोच. त्यांच्या वस्तीतल्या बायकांना लुगड्याचे काठ दिसतील असं नेसायची मुभा नव्हती. काठ निऱ्यांमध्ये लपवायचे. काठ मिरवला तर तो वरच्यांचा अपमान. लुगडं तिचं, पैसे तिचे, आणि काठ मात्र लपवायचा. म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांच्या सभेत मुद्दाम लुगड्याबद्दल सांगितलं. ओळखू येण्यासाठी लादलेली नेसण्याची पद्धत टाका, गळ्यातल्या हातातल्या त्या जड माळा आणि कडी टाका, असं सांगितलं. आणि बायकांनी तिथेच नेसणं बदललं, घरी जाऊन नवऱ्याला विचारायची वाट पाहिली नाही.

एक गोष्ट आमच्या लक्षात आली. शांताबाई बाबर होत्या, बेबीताई काकडे होत्या. कांबळे हे आडनाव दोघींनाही लग्नात मिळालं, नव्या घोंगड्यासारखं, टोचणारं. त्याच आडनावाने त्यांनी पुस्तकांवर सही केली. आज त्यांची नावं विद्यापीठात शिकवली जातात, 'जिणं आमुचं' तर इंग्रजीतही गेलं आहे.

हे वाचून झालं त्या बैठकीत ताई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आम्हीही त्यांना विचारलं नाही. आधी आम्हाला आमचं सांगायचं होतं. जिने "आडनाव कशाला" म्हटलं होतं ती स्वतःच उठली आणि म्हणाली, "मी भ्याले होते, गिऱ्हाईक जाईल म्हणून." ताई म्हणाल्या, "जाईलही." हे त्यांनी अगदी हिशोबाच्या सुरात सांगितलं. मग चर्चा झाली ती पैशाची. माल परत आला तर तोटा कुणी सोसायचा? शेवटी ठरलं की पहिली शंभर पाकिटं आम्ही सगळ्याजणींनी मिळून विकायची, प्रत्येकीने आपापल्या गल्लीत, आपापल्या नात्यात, आणि लेबल वाचून दाखवून विकायची. परत आलं तर तोटा सगळ्यांचा सारखा. तसा ठराव वहीत लिहिला, सह्या झाल्या. दोघींनी सही केली नाही, तेही तुम्हाला सांगायला हवं. त्या अजून गटात आहेत, बैठकीला येतात.

लेबलाचा नमुना ताईंनी स्वतःच्या हाताने लिहून दिला, आडनावासकट. छापखान्यातून कच्चा नमुना आला तेव्हा नाव फार बारीक अक्षरात आलं होतं. ते मोठं करून मागितलं आहे. सोमवारी पाचशे लेबलं मिळतील.