बाराखडी नसलेल्या गावात

आज 7 ऑगस्ट 1582. एप्रिलात गोवा सोडलेलं तुमचं जहाज मलाक्क्याला थांबून, वारा धरून दक्षिण चीनच्या किनाऱ्याला लागलं आहे. समोर एक चिंचोळं भूशिर, काही टेकड्या आणि पाण्याच्या कडेला दाटलेली घरं. हे मकाव. तुम्ही इथे चिनी शिकायला आला आहात.

उतरण्याआधी काळाचा अंदाज घ्या. पैठणात एकनाथ महाराज हयात आहेत. शिवनेरीवर निजामशाहीचा अंमल आहे आणि शिवजन्माला अजून 48 वर्षं अवकाश आहे. मकावमध्ये पोर्तुगीज व्यापारी 1557 पासून वस्ती करून आहेत, पण चिनी अधिकाऱ्यांच्या मर्जीने आणि जमिनीचं भाडं भरून. आजच्या फोटोंमधून तुम्हाला ठाऊक असलेली सेंट पॉल चर्चची भव्य दगडी दर्शनी भिंत शोधू नका, ती पुढच्या शतकात उभी राहील. भूशिराला मुख्य भूमीशी जोडणाऱ्या अरुंद पट्टीवर चिन्यांनी काही वर्षांपूर्वीच वेस बांधली आहे. परवानगीशिवाय तिच्यापलीकडे पाऊल टाकता येत नाही. व्यापारी वर्षातून दोनदा कँटनच्या बाजारात जातात, तेही रात्री मुक्कामाला आपल्या जहाजांवर परतण्याच्या अटीवर.

म्हणजे ज्या देशाची भाषा शिकायची, त्याच्या उंबरठ्यावर तुम्ही उभे आहात. आत जायचं असेल तर आधी बोलता आलं पाहिजे.

सोबती

तुमच्याबरोबर जहाजातून उतरलेल्या त्या तरुण इटालियन पाद्र्याकडे नीट पाहा. चेहरा उतरलेला आहे, कारण प्रवासात तो आजारी पडला होता. हे मातेओ रिची, वय 29. रोममध्ये क्लाव्हियुस यांच्या हाताखाली गणित शिकलेले. गोव्यात आणि कोचीनमध्ये त्यांनी मुलांना लॅटिन आणि ग्रीक शिकवलं आहे. गोव्याच्या कॉलेजात भारतीय विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राच्या वर्गांपासून दूर ठेवायचं ठरलं, तेव्हा नोव्हेंबर 1581 मध्ये त्यांनी रोमला पत्र लिहून विरोध नोंदवला. माणूस कसा आहे ते एवढ्यावरून कळावं.

याच काळात, रिचींच्याच जेझुइट या ख्रिस्ती पंथाचा एक इंग्रज पाद्री गोव्यात आहे: थॉमस स्टीफन्स. तो साष्टीत लोकांची भाषा शिकेल आणि 1616 मध्ये त्याचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ छापलं जाईल. एक मराठीकडे गेला, दुसरा चिनीकडे निघाला आहे. दोघांचा हेतू धर्मप्रसाराचा, हे विसरायचं कारण नाही. पण दोघांनीही आधी शिकणाऱ्याची जागा पत्करली, आणि तेच पाहायला तुम्ही इतक्या लांब आलात.

टेकडीवरचं घर

जेझुइटांच्या निवासस्थानी तुम्हाला मिकेले रुज्जेरी भेटतील. वय चाळिशीच्या आत-बाहेर. 1578 मध्ये ते आणि रिची लिस्बनहून एकाच ताफ्यातून गोव्याला आले होते. पुढच्याच वर्षी, जुलै 1579 मध्ये, रुज्जेरींना मकावला बोलावून घेतलं ते फक्त एका कामासाठी: चिनी वाचायला, लिहायला आणि बोलायला शिका. हे फर्मान अलेस्सांद्रो वालिन्यानो यांचं. पूर्वेकडच्या सगळ्या जेझुइट मठांवर देखरेख करणाऱ्या या माणसाने ओळखलं होतं, की दुभाष्यांच्या तोंडून चीन कधीच कळणार नाही.

तीन वर्षं रुज्जेरी एकटे अभ्यास करत आहेत. मठातल्याच काही जणांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. इतकी वर्षं दुभाषे आहेत, व्यापार सुरळीत चालतो, मग चांगल्या कामाच्या माणसाने अक्षरं घोकत का बसावं? पाव शतक पोर्तुगीज इथे राहिले आणि चिनी शिकण्याची गरज जवळजवळ कुणालाच भासली नाही, त्याचं कारण या प्रश्नातच आहे. घासाघीस करायला दुभाषा पुरतो.

याच घरात सध्या जपानहून आलेले चार किशोरवयीन मुलगे राहत आहेत. ते युरोपला निघालेत, वर्षअखेर जहाज मिळेपर्यंत इथे लॅटिन शिकताहेत. त्यांच्या देशातही चिनी अक्षरं वाचली जातात. जे पान तुमच्यासमोर मुकं पडलं आहे, ते त्यांना काही ना काही सांगेल. वयाने लहान असलेल्यांच्या मागे बसायची मनाची तयारी इथूनच सुरू होते.

संध्याकाळी कुणीतरी तुमच्या हातात गरम पेला देईल. दूध नाही, साखर नाही, फिकट हिरवट पाणी आणि तळाशी उलगडलेली पानं. हा चहा. महाराष्ट्रात तो अजून रुळलेला नाही. सावकाश प्या, हळूहळू तोंडात गोडवा उतरतो.

पहिला धडा

रुज्जेरी आपल्या पहिल्या शिक्षकाची हकिगत सांगतात. मकावमध्ये राजदरबारी चिनी, म्हणजे अधिकाऱ्यांची भाषा जाणणारा माणूस सापडणं कठीण. ज्यांना ती येते त्यांना पोर्तुगीज येत नाही, आणि दुभाष्यांना येते ती इथली बोली. शेवटी मिळाला तो एक चित्रकार. त्याला यांची भाषा येईना, यांना त्याची. मग त्याने कुंचला उचलला आणि घोड्याचं चित्र काढलं. त्याच्याशेजारी अक्षर लिहिलं आणि तोंडाने उच्चारलं: मा.

आता तुम्ही बसा. शाईची वडी पाण्याचे थेंब टाकून दगडावर गोल घासा. घाई केलीत तर शाई पातळ राहते आणि कागदावर फुटते. कुंचला बोरूसारखा तिरपा धरायचा नाही, सरळ उभा धरायचा आणि मनगट टेकवायचं नाही. ‘मा’ लिहा. एक उभी रेघ, मग आयाळीसारख्या आडव्या रेघा, खाली वळून आत आकडा घेणारी एक लांब रेघ आणि पोटाखाली चार ठिपके. एकूण दहा फटकारे, आणि त्यांचा क्रम ठरलेला. क्रम चुकला तर अक्षर दिसायला जवळपास तसंच दिसेल, पण तोल जाईल आणि चिनी माणसाला ते लगेच कळेल.

तुमचे पहिले चार ठिपके चार डाग होतील. पुन्हा लिहा. कागदाची एक बाजू भरू द्या.

मग प्रश्न पडेल, मूळ अक्षरं किती? आपल्याकडे बाराखडी पाठ झाली की पुढचं वाचन मार्गाला लागतं. अर्थ कळो न कळो, उच्चार करता येतो. इथे तसा टप्पाच नाही. प्रत्येक शब्दाला त्याचं अक्षर, आणि अक्षरं हजारोंनी. रुज्जेरींनी तीन वर्षांत हजारो ओळखीची केली, तरी पुस्तक हातात घेतलं की ते अडतात. चिनी मुलांची सुरुवात ‘तीन अक्षरी पाठा’ने होते, प्रत्येक चरणात तीनच अक्षरं. मग ‘हजार अक्षरांचा पाठ’, ज्यात हजार अक्षरं आहेत आणि एकही दुसऱ्यांदा येत नाही. मुलं हे मोठ्याने घोकतात, मग गुरुजींकडे पाठ करून उभी राहतात आणि न पाहता म्हणून दाखवतात. ग्रीक-लॅटिनचे पंडित इथे सहा वर्षांच्या मुलाच्या पायरीवर येतात. तुम्हीही या.

कान

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक गंमत घडेल. गुरुजी म्हणतात ‘ता’, अर्थ मोठा. मग म्हणतात ‘था’, अर्थ तो. तुमच्या शेजारी बसलेले दोघे इटालियन एकमेकांकडे पाहतात. त्यांच्या कानाला दोन्ही एकच वाटतं. इटालियन किंवा पोर्तुगीजमध्ये त आणि थ, क आणि ख असा भेद नाही. रोमन लिपीत ते हे दोन्ही उच्चार एकसारखेच लिहून ठेवतात. तुमच्या मराठी कानाला मात्र फरक पहिल्या झटक्यात कळतो. ‘चाक’ मधला च आणि ‘चार’ मधला च वेगळे म्हणणाऱ्या माणसाला चिनीतले ते दोन उच्चारही जड जात नाहीत. चारशे वर्षांनंतरही चिनी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची ही शिदोरी कायम आहे, आणि ती आपल्याकडे आहे हेच आपल्याला फारसं ठाऊक नसतं.

पण लगेच हुरळून जाऊ नका. गुरुजी पुन्हा ‘मा’ म्हणतात आणि या वेळी अर्थ आहे आई. पुन्हा ‘मा’, आता अर्थ रागावणं. तोंडातली अक्षरं तीच, सूर बदलला की शब्द बदलला. आपणही ‘हो’ म्हणताना सुरावरून होकार, शंका आणि वैताग वेगवेगळे दाखवतो, पण शब्द एकच राहतो. इथे सूर हा शब्दाचाच भाग आहे, व्यंजनाइतकाच पक्का. अधिकाऱ्यांच्या या भाषेत असे पाच सूर आहेत. देवनागरीत त्यांना चिन्ह नाही, रोमनमध्येही नाही. तुम्ही आणि रिची आता एका ओळीत आलात.

चिनी लोकही अनेकदा बोलता बोलता अडतात आणि नेमका कोणता शब्द हे लिहून दाखवतात. रिची हे टिपून ठेवतात. फेब्रुवारी 1583 मध्ये पाडोव्याच्या आपल्या एका जुन्या गुरूंना ते कळवतील, की ही भाषा ग्रीक किंवा जर्मन यांच्यासारखी नव्हे, ही गोष्टच निराळी आहे. त्या पत्रात तक्रारीपेक्षा नवल जास्त आहे.

बाजार

शिकलेलं वापरून पाहायला तुम्ही खाली बाजारात उतराल. मासळीवालीला विचाराल, किंमत किती? ती तुमच्याकडे नुसती पाहत राहील. तुमचा सूर कदाचित बरोबरही असेल, पण तुम्ही बोललात अधिकाऱ्यांची भाषा आणि ती बोलते कँटनची. शेजारचा सुताराचं काम करणारा माणूस फूज्येनचा, त्याची बोली तिसरीच.

इथे पुष्कळांचा धीर खचतो. वर्गात शिकलेलं रस्त्यावर चालत नसेल तर काय उपयोग? वालिन्यानोंचा हिशोब लांबचा होता. इतक्या मोठ्या देशात प्रांतागणिक बोली बदलते, पण प्रत्येक प्रांतातला अधिकारी आणि शिकलेला माणूस ही एक भाषा समजतो. वेशीचं दार उघडणं त्यांच्याच हातात आहे. बाजारात हात दाखवून भागेल, तिथल्या हास्याला हसून उत्तर द्या. बोटं उघडून भाव ठरवा, मासळी घ्या, आणि परत टेकडीवर येऊन पुढचं पान काढा.

पुढे काय झालं

परतण्याआधी थोडं पुढे डोकावून घ्या. सप्टेंबर 1583 मध्ये रुज्जेरी आणि रिची यांना कँटनच्या पश्चिमेला झाओचिंग या गावी राहण्याची परवानगी मिळेल. 1584 मध्ये रिची तिथे चिनी अक्षरांतला जगाचा नकाशा तयार करतील. त्याच वर्षी रुज्जेरींचं चिनी पुस्तक छापलं जाईल, युरोपीय माणसाने चिनी भाषेत छापलेलं पहिलं. त्या वर्षांत दोघं मिळून पोर्तुगीज-चिनी शब्दसंग्रह तयार करतील: एका रकान्यात पोर्तुगीज शब्द, दुसऱ्यात रोमन लिपीत उच्चार, तिसऱ्यात चिनी अक्षर. सुमारे सहा हजार नोंदी. त्याच कागदांत पाहुणा आणि यजमान यांच्यातल्या रोजच्या प्रश्नोत्तरांची पानं आहेत, नवख्याला पहिल्या भेटीत लागतील अशी. त्यात ना सुरांच्या खुणा आहेत, ना त-थ चा भेद. ती उणीव 1598 मध्ये भरून निघेल. संगीताचा कान असलेले लाझारो कात्तानेओ आणि मकावमध्ये वाढलेले चिनी सहकारी चोंग मिंगरन यांच्या मदतीने पाच सुरांना पाच खुणा मिळतील आणि महाप्राणालाही चिन्ह मिळेल. आधीचा तो हस्तलिखित पोर्तुगीज-चिनी शब्दसंग्रह रोमच्या दप्तरखान्यात पडून राहील आणि 1934 मध्ये पुन्हा उजेडात येईल.

रिची चीनमधून परतणार नाहीत. 1607 मध्ये श्यू ग्वांगची या विद्वान अधिकाऱ्याबरोबर ते युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा खंड चिनीत आणतील आणि 1610 मध्ये बीजिंगमध्ये देह ठेवतील. ज्या पंडितांनी त्यांना आपल्यात बसवून घेतलं, ते त्यांच्या नकाशा-घड्याळांच्या कुतूहलाने आले असतील. पण टिकून राहिले, कारण या परक्या माणसाने त्यांचे ग्रंथ त्यांच्याच मुलांसारखे पाठ केले होते.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले तेव्हा त्यांनीही हाच रस्ता धरला. युद्धाच्या धामधुमीत ते चिनी शिकले आणि तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत शिकवू लागले. चिनी माणसं त्यांचं नाव आजही आदराने घेतात. त्यामागे त्यांची शस्त्रक्रिया आहे तशीच त्यांची भाषाही आहे.

चीन आपला शेजारी आहे. हिमालयाच्या दोन बाजूंना राहून आपण एकमेकांबद्दल बहुतेक सगळं इंग्रजीतून वाचतो, म्हणजे तिसऱ्याच्या दुभाष्याकडून. मकावच्या व्यापाऱ्यांचं पाव शतक त्यावर भागलं, आपलंही भागतं आहे. पण भागणं आणि कळणं यांत अंतर आहे. आपल्या कॉलेजांत चिनीचे पक्के वर्ग हवेत, पाचशे अक्षरांवर न थांबणारे. तिथे जाणाऱ्या आपल्या मुलांना पहिले काही महिने मुक्याने काढावे लागतील, बाजारात कुणी हसेल, लिहिलेले चार ठिपके चार डाग होतील. घरच्यांनी त्यांना तेव्हा हे विचारू नये, की याचा उपयोग काय. रुज्जेरींना तीन वर्षं हाच प्रश्न ऐकावा लागला, आणि त्याचं उत्तर द्यायला झाओचिंगची परवानगी पुरली.