रिक्षाचालकाची सीट कुणाच्या मापाची?

वसई, नालासोपारा, विरार. कुठल्याही स्टेशनबाहेरच्या रांगेत एखादा सहा फुटी रिक्षावाला बघा. गुडघे हँडलच्या दोन्ही बाजूंना फाकलेले, मान टपाखाली वाकलेली. ही अडचण आजची नाही मंडळी.

इटलीत 1948 च्या सुमारास पियाज्योने व्हेस्पा स्कूटरवरून तीन चाकी 'आपे' काढली. आपल्याकडे बजाजला 1959 मध्ये दुचाकी-तीनचाकी बनवायचं लायसन्स मिळालं आणि रिक्षात स्कूटरचंच हँडल आलं. डाव्या मुठीत क्लच-गिअर, उजवीत रेस, ब्रेक उजव्या पायाखाली. 1977 मध्ये मागे इंजिन असलेली रिक्षा आली, चालकाजवळची धग आणि धडधड कमी झाली. सीट मात्र बहुतेक रिक्षांत आजही जागची हलत नाही. स्कूटरवर उंच माणूस निदान मागे सरकून बसतो, इथे पाठीला पार्टिशन!

त्यात आपली ती चौथी सीट. परमिट तिघांचं, चौथा चालकाच्या मांडीला मांडी लावून. मग उंच चालक तिरका बसतो, कोपर अडतं, हँडल पुरतं वळत नाही. आणि पुढे चाक एकच. संध्याकाळी रिक्षा मिळत नाही म्हणून आपणच तिथे बसतो, हेही खरंच. पण पासिंगला ब्रेक बघतात, दिवे बघतात. वळताना चालकाचा गुडघा हँडलला लागतो का, ते कोण बघणार?