तालीम, कसरत आणि 'बॉडी' : वाशीम प्रदेशातील आहार-व्यायामाच्या सवयींचा शब्दमूलक इतिहास

(१)

राजवटींच्या इतिहासाची साधने ताम्रपटांत आणि दप्तरांत सापडतात. परंतु त्या राजवटींखाली नांदणारी माणसे काय खात, अंग कसे कमावीत आणि आपल्या देहाकडे कोणत्या दृष्टीने पाहत, यांचा पुरावा दप्तरांत क्वचितच मिळतो. तो बव्हंशी भाषेत शिल्लक राहतो. सवय अंगवळणी पडली म्हणजे तिची नोंद करण्याची कोणास गरज वाटत नाही. तिचे नाव मात्र लोकांच्या तोंडी राहते. या नावांच्या आधारे वाशीम आणि त्याभोवतीचा वऱ्हाड यांतील आहार-व्यायामाच्या सवयींचा मागोवा घेणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वाशीम हा १९०५ पर्यंत वऱ्हाडातील एक स्वतंत्र जिल्हा होता. त्या वर्षी तो मोडून त्याचा वाशीमसह बराच भाग अकोला जिल्ह्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. मधल्या काळातील जिल्ह्याचा इतिहास अकोल्याच्या कागदपत्रांत मिसळून गेलेला असल्यामुळे येथे वऱ्हाड हा घटक धरून विवेचन करणे सोयीचे होईल.

(२)

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. 'वच्छोमी' ही काव्यरीती याच नगराच्या नावावरून ओळखली गेली, हे साहित्यशास्त्राच्या अभ्यासकांस विदित आहेच. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट ही की, या शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करविले. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील वत्सगुल्माच्या राजमंडळास देह कसा रुचत होता, याची साक्ष म्हणून त्या काळातील अजिंठ्याच्या चित्रांकडे पाहता येते. त्यांतील स्त्री-पुरुषांचे अवयव भरलेले, कांती स्निग्ध आणि बांधा लवचीक आहे. परंतु स्नायूंचे उंचवटे मोजून दाखविण्याची हौस तेथे नाही. त्या देहांचे बळ त्यांच्या उभे राहण्याच्या ढबीतून व्यक्त होते.

या आदर्शामागील विचार वैद्यकग्रंथांत सापडतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते दृढबलाने चरकसंहितेस पूर्ण रूप दिले, ते साधारण याच शतकांत. चरकाने सूत्रस्थानात आठ प्रकारच्या निंदित देहांची गणना केली आहे : अतिदीर्घ, अतिऱ्हस्व, अतिलोम, अलोम, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल आणि अतिकृश. ही यादी वाचून आधुनिक वाचक थबकतो. कारण देहावरून माणसास नावे ठेवण्याची आपली खोड किती जुनी आहे, हे ती दाखविते. मात्र ग्रंथकार सविस्तर विवेचन करतो ते केवळ अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचे, आणि तेही त्यांना होणाऱ्या व्याधींच्या संदर्भात. उंची व वर्ण यांवर त्याने उपचार सांगितलेले नाहीत. निंदा लोकांची आणि चिकित्सा वैद्याची, हा भेद त्याने न बोलता पाळला आहे.

याच सूत्रस्थानात सवयीविषयीचा एक नियम आहे. अहितकर सवय एकदम सोडू नये आणि हितकर सवय एकदम धरू नये. चतुर्थांशाचतुर्थांशाने, मध्ये अंतर ठेवून, हा पालट करावा. क्रमाक्रमाने घालविलेले दोष परत येत नाहीत आणि क्रमाने मिळविलेले गुण ढळत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष आहे. दीर्घ सवयीने देहास मानवलेल्या गोष्टीस वैद्यकात 'सात्म्य' हा शब्द आहे. सुश्रुताने व्यायामाची मर्यादाही अर्ध्या बळापर्यंत ठरविली आहे : श्वास तोंडावाटे येऊ लागला की थांबावे. व्यायामाचे माप येथे दर्पणात पाहून घ्यावयाचे नसून श्वासावरून घ्यावयाचे आहे.

(३)

मध्ययुगात वऱ्हाडावर बहामनी, इमादशाही, निजामशाही, मोगल आणि हैदराबादचा निजाम अशा सत्ता एकामागून एक आल्या. त्यांबरोबर आलेल्या फारसी-अरबी शब्दांचा एक लक्षणीय गट आखाड्यात स्थिरावला. 'आखाडा' हा शब्द स्वतः संस्कृत 'अक्षवाट' यापासून आलेला. परंतु त्याच्या भोवतीची परिभाषा पाहावी. 'तालीम' म्हणजे मूळ अरबीत शिक्षण. मराठीत ती व्यायामाची जागा झाली. हिंदुस्थानीत मूळ अर्थ टिकून राहिला, म्हणूनच वऱ्हाडापासून फार दूर नसलेल्या वर्ध्यास १९३७ मध्ये मांडल्या गेलेल्या शिक्षणयोजनेस 'नई तालीम' हे नाव मिळू शकले. 'कसरत' म्हणजे मूळ अर्थाने विपुलता, वारंवारता. पुष्कळ वेळा केलेली गोष्ट ती कसरत. 'मेहनत' म्हणजे कष्ट. 'रतीब' म्हणजे नेमलेले, ठरलेले. आजही आपण दुधाचा रतीब लावतो. 'खुराक' म्हणजे नुसते अन्न; पहिलवानाच्या संदर्भात मात्र मेहनतीच्या मानाने ठरविलेले अन्न.

या पाच शब्दांत सवयीचे सर्व शास्त्र साठविले आहे, असे म्हणावयास हरकत नाही. शिकणे, वारंवार करणे, कष्टणे, नेम न चुकविणे आणि कष्टाच्या मानाने खाणे. यांपैकी एकही शब्द देहाच्या आकाराचा वाचक नाही. सर्व शब्द क्रियेचे किंवा नियमाचे आहेत. दुसरे असे की, तालीम ही एकट्याची नसते. तेथे वस्ताद असतो, जोडीदार असतो, माती खणावी लागते आणि एखादा दिवस चुकला तर कोणीतरी विचारणारा असतो. सवय टिकविण्याचे निम्मे काम अशा रीतीने जागाच करीत असे.

विसाव्या शतकात या परंपरेस संस्थेचे रूप आले. १९१४ मध्ये अमरावतीस अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. पुढे तुकडोजी महाराजांनी 'ग्रामगीते'त गावाच्या आरोग्याचा विचार स्वतंत्र अध्यायात केला. या सर्व प्रयत्नांत व्यायाम हे सार्वजनिक कर्तव्य मानलेले दिसते. त्या विचारास स्वातंत्र्यचळवळीची धार होती. म्हणून त्यात देहाचे कौतुक कमी आणि देहाकडून अपेक्षा जास्त आहे.

मात्र तालमीचे चित्र रंगविताना एक उणीव झाकता येणार नाही. तालीम पुरुषांची होती. स्त्रियांच्या देहास व्यायाम घडला तो जात्यावर, विहिरीवर आणि कापसाच्या वेचणीत. त्यास 'मेहनत' हे मानाचे नाव नव्हते, ते केवळ काम होते. भुलाबाईच्या महिन्यात मुली जमत, गाणी म्हणत आणि झाकून आणलेली खिरापत ओळखण्याचा खेळ करीत. एकत्र जमण्याचा आणि वाटून खाण्याचा नेम तेथेही होता. पण बळ कमावण्याचा हक्क त्यात नव्हता.

(४)

आहाराच्या बाबतीत वऱ्हाडी बोलीतील मध्यवर्ती शब्द 'भाकर' हा आहे. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आणि करडईचे तेल हे या काळ्या जमिनीचे परस्परपूरक अन्न होय. ज्वारीत 'लायसिन' हे अमिनो आम्ल कमी असते व तुरीत ते पुरेसे असते. म्हणून हा मेळ शास्त्रदृष्ट्याही युक्त ठरतो. परंतु गतकाळाचे गोडवे गाताना सावध राहिले पाहिजे. दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत 'पेलाग्रा' हा रोग आढळे, आणि त्याचा ज्वारीतील 'ल्यूसिन'शी असलेला संबंध सी. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास मांडला. भाकर पौष्टिक होती ती सोबत वरण व भाजी असताना. नुसती भाकर ही पथ्य नव्हे, तर दैन्याची खूण होती. १८९९-१९०० च्या दुष्काळाने तर तीही अनेकांच्या ताटातून नाहीशी केली.

ताटातील पालटास शेतीतील पालट कारण झाला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) वऱ्हाडच्या कापसास भाव आला आणि नगदी पिकाने धान्याच्या जमिनीत पाय रोवला. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून सोयाबीनने तोच क्रम पुढे नेला. आज वाशीम जिल्ह्याच्या शिवारात खरिपात सोयाबीनच नजरेत भरते. पण ते विकण्यासाठी पेरले जाते, शिजविण्यासाठी नव्हे. शिधावाटपातून गहू व तांदूळ आले आणि पोळी ही प्रतिष्ठेची झाली. भूक भागविण्याचे मोठे कार्य या व्यवस्थेने केले, हे नाकारता येत नाही. तथापि भाकरीस चिकटलेला गरिबीचा अर्थ त्यामुळे अधिक घट्ट झाला. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, तेव्हा तीच ज्वारी शहरी दुकानांत आरोग्यधान्य म्हणून मांडली गेली. धान्य तेच, अर्थ मात्र फिरला.

(५)

देहाच्या शब्दांतही असाच पालट झाला, आणि त्याचा आरंभ एका चित्रापासून धरता येतो. युजेन सँडो हा पीळदार देहाच्या प्रदर्शनासाठी जगभर प्रसिद्ध असलेला मल्ल १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानात आला होता. त्याची छायाचित्रे त्याच्या आधीच सर्वत्र पोचली होती. मराठीत त्याचे नाव उरले ते बिनबाह्यांच्या गंजिफ्राकास : 'सँडो बनियन'. व्यायामाच्या परंपरेतून एक विशेषनाम भाषेत आले आणि ते दंड दाखविणाऱ्या वस्त्राचे नाव झाले, ही गोष्ट सूचक आहे. त्यानंतरचे शब्द याच वळणाने गेलेले दिसतात. 'बॉडी बनविणे', 'फिगर', 'सिक्स पॅक', 'झिरो फिगर' हे सर्व आकारवाचक आहेत. तालमीत जाणारा जोर मारीत असे. व्यायामशाळेतील आजचा तरुण 'बॉडी' बनवितो. क्रियापदाचे कर्म बदलले, आणि त्याबरोबर सवयीचे प्रयोजनही बदलले.

आकारावर विसंबण्यात केवढी चूक संभवते, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात एकाच छायाचित्राने दाखविले. उंची व वजन यांवरून काढावयाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु देहातील मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के, तर याज्ञिक यांचे २१.२ टक्के. डोळ्यांस बारीक दिसणारा भारतीय देह आतून मेदयुक्त असू शकतो. दर्पण आणि वजनकाटा हे दोन्ही साक्षीदार अशा रीतीने अपुरे ठरतात.

(६)

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. वाशीम जिल्हा २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला आणि त्या कार्यक्रमाच्या कसोट्यांत पोषण ही एक कसोटी आहे. एकीकडे ताटात पुरेसे नसलेली बालके, आणि दुसरीकडे त्याच गावांतून शहरात आलेले, प्रथिनांच्या भुकटीवर पैसे खर्चणारे किंवा बारीक दिसण्यासाठी एक वेळचे जेवण टाळणारे आपले विद्यार्थी व विद्यार्थिनी, असे हे चित्र आहे. स्नायू वाढविण्यासाठी अशा भुकट्या टाळाव्यात, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनातही सांगितले आहे.

मागे जाणे शक्य नाही आणि इष्टही नाही. जुन्या तालमीत मुलींना जागा नव्हती आणि जुन्या भाकरीत दैन्य होते. परंतु शब्दांच्या इतिहासातून एक निष्कर्ष निःसंशय निघतो. सवय टिकते ती कृतीच्या नावाने, नेमाने आणि सोबतीने. आकाराच्या नावाने धरलेली सवय आकार मिळताच, किंवा तो मिळत नाही असे दिसताच, सुटते. रतीब लावणाऱ्यास 'किती झाले?' असे विचारावयाचे नसते. 'आज आले का?' एवढेच विचारावयाचे असते. वत्सगुल्माच्या भूमीतील भाषेने हा विवेक शतकानुशतके जपून ठेविला आहे. चतुर्थांशाने का होईना, तो पुन्हा आचरणात आणता येईल.