भोंगा आणि घंटा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या इचलकरंजीत नववीच्या वर्गात जूनमध्ये जेवढी पोरे बसत, तेवढी दिवाळीनंतर दिसत नसत. हजेरी घेताना सर दोन-तीन नावांवर थांबत आणि मागच्या बाकावरून कुणीतरी सांगे, ‘सर, तो कांडीवर गेला.’ म्हणजे यंत्रमागाच्या कांड्या भरायला. मुलीने शाळा सोडली की लग्न, घरकाम, धाकटी भावंडे अशी कारणे तरी सांगितली जात. पोराच्या बाबतीत एकच उत्तर असे, ‘त्याचं अभ्यासात लक्षच नव्हतं.’ मला ते तेव्हाही पटले नव्हते. माझ्या शेजारी बसणारा मुलगा गणितात माझ्यापेक्षा हुशार होता आणि तोच गेला.

या गोष्टीचा शोध घ्यायचा तर बरेच मागे जावे लागते. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ साली आला. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वयाच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांहून जास्त काम घेऊ नये, असे त्यात होते. नऊ तास, आणि ही सवलत! पुढच्याच वर्षी महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले आणि निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. ज्या वयात फुले मुलाला शाळेत बसवू पाहत होते, त्याच वयात सरकारचा कायदा त्याला गिरणीत उभे राहू देत होता. मग किमान वय १८९१ मध्ये नऊ झाले, १९२२ मध्ये बारा आणि १९४८ मध्ये चौदा.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये आणला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले ते १९१७ मध्ये. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. १९४८च्या कारखाना कायद्यातही पालकाला दंड होता, पण निराळ्या कारणासाठी : एकाच दिवशी पोराला दोन कारखान्यांत राबवले म्हणून. असे कलम घालावे लागले, यावरून काय ते समजावे.

शिवाय तो कायदा यंत्रावर चालणाऱ्या कारखान्यात दहा माणसे असली तरच लागू होई. शेडमध्ये चार-सहा माग आणि मोजकी माणसे असली की कायदा दारातच थांबे. त्यात विणकराची मजुरी ठोक. किती मीटर कापड निघाले, त्यावर पैसे. सुताचा भाव वाढला, कापड पडून राहिले, की मजुरी आटते आणि घरात आणखी दोन हात लागतात. ते हात बहुधा थोरल्या मुलाचे असतात. बाप त्याला शाळेतून काढत नाही. ‘एवढा आठवडा ये,’ म्हणतो. आठवड्याचा पगार एकदा घरात आला की परतीची वाट अवघड होते.

सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले की सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पाव मुले शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा गळली होती. याचे कारण धर्मात शोधणारे मला भेटतात. त्यांना मी माझ्या वर्गाची हजेरी सांगतो. कांडीवर गेलेल्यांत कोष्टी होते, मराठा होते, आमचे मोमीनही होते.

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वयाला हमी दिली. मात्र चौदावे वर्ष संपते ते साधारण आठवी-नववीच्या उंबरठ्यावर. २०१६च्या बालकामगार कायद्याच्या दुरुस्तीने चौदा ते अठराच्या मुलांना केवळ घातक कामांतून वगळले. म्हणजे शाळेची हमी जिथे संपते, तिथेच कामाची परवानगी सुरू होते. आठवीपर्यंत नापास न करण्याचे धोरण होते, तेव्हा त्यात कच्चा राहिलेला पोरगा नववीत पहिल्यांदा नापास होई. तोवर मागावरचा भोंगा त्याच्या ओळखीचा झालेला असे.

तो गणितातला मित्र परवा भेटला. मजुरीचा हिशेब अजून तोंडी करतो. धाकटा नववीत आहे. मंदीचे कसे काय, विचारले, तर म्हणाला, ‘वार्षिक परीक्षेपर्यंत तरी ढकलतोय बघ.’