ॲक्युपंक्चरचे संशोधन: ‘ब्लाइंडिंग’ अवघड का असते आणि रुग्णाने निष्कर्ष कसे वाचावेत?

कंबरदुखी, गुडघेदुखी किंवा अर्धशिशी वर्षानुवर्षे पाठ सोडत नसेल, तर घरात कुणीतरी ॲक्युपंक्चरचे नाव काढतेच. माहिती शोधायला गेलो की एके ठिकाणी ‘संशोधनाने सिद्ध’ असे वाचायला मिळते, तर दुसरीकडे ‘हा सगळा मनाचा खेळ’ असे. गंमत म्हणजे दोन्ही बाजू बरेचदा त्याच अभ्यासांचा दाखला देतात. असे का होते, हे कळण्यासाठी ‘ब्लाइंडिंग’ ही कल्पना समजून घ्यावी लागते.

ब्लाइंडिंग म्हणजे काय?

नवे औषध तपासताना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्णांचे गट पाडतात. एका गटाला खरी गोळी मिळते, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. आपल्याला कोणती गोळी मिळाली हे रुग्णाला सांगत नाहीत. हे एकेरी ब्लाइंडिंग. उपचार देणाऱ्या आणि तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनाही ते ठाऊक नसेल, तर दुहेरी ब्लाइंडिंग.

याची गरज काय? वेदना रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. ‘0 ते 10 मध्ये किती दुखते?’ असे विचारून रुग्णाच्या उत्तरावरच विसंबावे लागते. चांगला उपचार मिळाल्याची खात्री असेल तर दुखणे खरोखरच कमी जाणवते. आपल्याला काहीच मिळाले नाही हे कळले तर तेच दुखणे जास्त वाटू शकते. दोन्ही गटांची अपेक्षा सारखी ठेवली, तरच उपचाराचा स्वतःचा परिणाम वेगळा काढता येतो.

पहिली अडचण: सुई लपवायची कशी?

गोळीसारखी दुसरी गोळी बनवता येते, पण सुई टोचली की नाही हे रुग्णाला लगेच कळते. यावर संशोधकांनी मुख्यतः दोन उपाय वापरले आहेत.

1. चुकीच्या जागी, वरवर टोचणे: शास्त्रात सांगितलेले बिंदू सोडून दुसरीकडे अगदी उथळ सुया लावतात.

2. न टोचणारी सुई: जर्मनीतील हायडेलबर्गच्या श्ट्राइटबर्गर आणि क्लाइनहेंझ यांनी 1998 मध्ये अशी सुई ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडली. तिचे टोक बोथट असते. दाबल्यावर ती नाटकातल्या खंजिरासारखी स्वतःच्या मुठीत सरकते. आत गेल्यासारखी दिसते, पण कातडी भेदत नाही.

पण साखरेची गोळी पोटात जाऊन काहीच करत नाही, तसे या खोट्या सुयांबद्दल म्हणता येत नाही. उथळ टोचणे किंवा बोथट टोकाने दाबणे यानेही मज्जातंतूंना संवेदना मिळते. त्यामुळे खरी आणि खोटी सुई सारख्याच ठरल्या, तर ‘दोन्ही निरुपयोगी’ आणि ‘दोन्ही थोड्याफार उपयोगी’ असे दोन अर्थ काढता येतात. शिवाय ज्याने पूर्वी ॲक्युपंक्चर घेतले आहे, त्याला सुईभोवती जाणवणारी जड, बधिर संवेदना (चिनी परंपरेत ‘दे-ची’) ओळखीची असते. ती जाणवली नाही की शंका येते.

दुसरी अडचण: टोचणाऱ्याला तर माहीत असतेच

सुई टोचणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे कळणारच. मग नकळत आवाजातला विश्वास, चेहरा, बोलण्यातली आपुलकी बदलते. जपानमध्ये टोचणाऱ्यालाही फरक कळू नये म्हणून अपारदर्शक नळीतल्या खास सुया तयार झाल्या. हाताला जाणवणारा अडथळाही सारखा वाटावा, यासाठी नळीत भरण घातलेले असते. तरीही बहुतेक अभ्यासांत टोचणाऱ्याला उपचार ठाऊकच असतो.

वागणुकीने किती फरक पडतो? आतड्याच्या आयबीएस या आजाराच्या 262 रुग्णांवर अमेरिकेत झालेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. फक्त प्रतीक्षायादीवर असलेल्यांपैकी 28 टक्के रुग्णांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगितले. मोजके बोलून खोटी सुई लावलेल्यांत हे प्रमाण 44 टक्के होते. तीच खोटी सुई, पण सोबत आस्थेने विचारपूस, अशा गटात ते 62 टक्के झाले.

मोठ्या अभ्यासांत काय दिसले?

जर्मनीतील 1,162 कंबरदुखीच्या रुग्णांचा अभ्यास 2007 मध्ये आला. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरने 47.6 टक्के, खोट्याने 44.2 टक्के, तर औषधे, फिजिओथेरपी, व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांनी 27.4 टक्के रुग्णांना लक्षणीय फरक पडला. अर्धशिशीच्या 302 रुग्णांवरील जर्मन अभ्यासात (2005) डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा अधिक कमी झालेल्यांचे प्रमाण असे होते: खरे 51, खोटे 53 आणि प्रतीक्षायादी 15 टक्के.

जाहिरातीत 47.6 विरुद्ध 27.4 हे आकडे येतात, टीकाकार 47.6 विरुद्ध 44.2 दाखवतात. आकडे दोघांचेही खरे आहेत. मात्र नेहमीच्या उपचारांच्या गटाला आपल्याला सुया मिळाल्या नाहीत हे माहीत होते, म्हणजे त्या तुलनेत ब्लाइंडिंग नव्हतेच. पुढे 2018 मध्ये 39 अभ्यासांतील 20,827 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. दीर्घकालीन वेदनेत खरे ॲक्युपंक्चर खोट्यापेक्षा सरस ठरले, पण तो फरक लहान होता. ॲक्युपंक्चर न घेणाऱ्यांच्या तुलनेत फरक त्याहून मोठा होता.

‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’

रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दम्याच्या एका छोट्या अभ्यासात सालब्युटामॉल पंप, खोटा पंप आणि खोटे ॲक्युपंक्चर या तिन्हींनी रुग्णांना जवळपास सारखेच बरे वाटले. फुंकर मोजण्याच्या चाचणीत मात्र खऱ्या पंपाने सुमारे 20 टक्के सुधारणा झाली. खोट्या उपचारांनी ती सुमारे 7 टक्के होती, म्हणजे काहीही न करता जितकी होते तितकीच. श्वासनलिका आकुंचित असतानाही बरे वाटू शकते, आणि दम्यात हे जिवावर बेतू शकते.

बातमी वाचताना विचारायचे प्रश्न

• तुलना कशाशी होती: खोट्या सुईशी, नेहमीच्या उपचारांशी की काहीच न करण्याशी?
• खोटी सुई नेमकी कशी होती?
• ‘तुम्हाला कोणता उपचार मिळाला असे वाटते?’ हे रुग्णांना शेवटी विचारले का? बहुतेकांनी अचूक ओळखले असेल, तर ब्लाइंडिंग फसले.
• परिणाम मोजणाऱ्याला गट माहीत होता का? सुई लपवणे कठीण असले, तरी एवढे ब्लाइंडिंग सहज जमते.
• केवळ बरे वाटले, की तपासणीतही फरक दिसला?

तुम्ही काय करावे?

जुनाट कंबरदुखी, गुडघ्याची झीज किंवा वारंवारची डोकेदुखी असेल आणि निदान झालेले असेल, तर डॉक्टरांशी बोलून ॲक्युपंक्चर करून पाहायला हरकत नाही. किती बैठकींनंतर फायदा तपासायचा आणि एकूण खर्च किती, हे आधीच ठरवा. महाराष्ट्रात या उपचारपद्धतीसाठी परिषद आहे, त्यामुळे नोंदणीबद्दल विचारा. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गर्भारपण असेल, तर आधी सांगा. छातीवर सुया लावल्यानंतर धाप लागली तर लगेच रुग्णालयात जा.

दमा, मधुमेह, रक्तदाब, फिट्स किंवा कर्करोग यांची औषधे ‘आता बरे वाटते’ म्हणून स्वतःहून बंद करू नका. वेदनेत बरे वाटणे हाच मोठा फायदा असतो. या आजारांत मात्र औषध कमी करायचे की नाही, हे तपासणी पाहून तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवे.