अर्ज नियंत्रकांची हाताळणी (जावास्क्रिप्ट)

जालपृष्ठावरील अर्जात माहिती भरण्यासाठी दिलेले रकाने, निवडसूची, खुणेच्या चौकटी व बटणे यांना अर्ज नियंत्रके असे म्हणतात. न्याहाळकात चालणारी जावास्क्रिप्ट ही आज्ञावली भाषा या नियंत्रकांतील मजकूर वाचू शकते, बदलू शकते आणि अर्ज पाठवला जाण्यापूर्वी तो तपासू शकते. जावास्क्रिप्टची जी नावे या लेखात देवनागरीत दिली आहेत, ती प्रत्यक्षात रोमन लिपीत लिहावी लागतात.

लेखातील उदाहरणांसाठी एक काल्पनिक अर्ज घेतला आहे. नागपूर कृषी उत्पन्न बाजार समितीच्या कळमना येथील आवारात आलेल्या मालाची नोंद त्यात करावयाची आहे. शेतमाल, पोत्यांची संख्या, क्विंटलमधील वजन आणि प्रतिक्विंटल भाव असे त्याचे रकाने आहेत. राष्ट्रीय कृषी बाजार अर्थात ई-नाम ही योजना १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झाल्यापासून बाजार समित्यांतील अशा नोंदी संगणकावर येऊ लागल्या आहेत. रकान्यातला आकडा चुकीचा वाचला गेला, तर शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतली रक्कम चुकते, म्हणून हे उदाहरण सोयीचे आहे.

इतिहास

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट तयार केली. अर्ज तपासण्यासाठी प्रत्येक वेळी सर्व्हरकडे धाव घ्यावी लागू नये, हा तिचा सुरुवातीचा एक प्रमुख उपयोग होता. त्यामुळे अर्ज व त्यांतील नियंत्रके यांचे संग्रह तिच्यात पहिल्यापासूनच आहेत. ऑक्टोबर १९९८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेलची पहिली पातळी प्रमाणित केली. तीतही हे जुने संग्रह कायम ठेवण्यात आले.

नियंत्रकापर्यंत पोहोचणे

पृष्ठावरील सर्व अर्ज 'डॉक्युमेंट.फॉर्म्स' या संग्रहात असतात. अर्ज क्रमांकाने किंवा नावाने मिळतो. क्रमांक शून्यापासून मोजले जातात. अर्ज हाती आला की त्याच्या 'एलिमेंट्स' या संग्रहातून नावानिशी नियंत्रक मिळवता येते. चित्ररूप बटण मात्र ऐतिहासिक कारणांमुळे या संग्रहात येत नाही. 'गेट-एलिमेंट-बाय-आयडी' आणि 'क्वेरी-सिलेक्टर' या पद्धतीही आहेत. परंतु रकान्याचे अर्जाशी असलेले नाते 'एलिमेंट्स'मध्ये जितके स्पष्ट राहते, तितके त्यांत राहत नाही.

नियंत्रकाचे नाव मराठीत ठेवण्यास प्रमाणकाची हरकत नाही. 'वजन' असे नाव दिलेला रकाना त्याच देवनागरी नावाने मागता येतो. अर्ज नेहमीच्या पद्धतीने पाठवताना या तीन अक्षरांची टक्केचिन्हांकित २७ चिन्हे होतात, पण अर्थाला बाध येत नाही. बटणाला मात्र 'सबमिट' हे नाव कधीही देऊ नये. तसे केल्यास त्याच नावाची अर्ज पाठवण्याची मूळ क्रिया झाकली जाते आणि स्क्रिप्टला अर्ज पाठवता येत नाही.

एकाच नावाची अनेक वर्तुळाकार निवडबटणे असल्यास त्या नावाने समूह मिळतो. त्याचे 'व्हॅल्यू' म्हणजे निवडलेल्या बटणाचे मूल्य. खुणेच्या चौकटीत नवशिके हमखास चुकतात. चौकटीवर खूण असो वा नसो, तिचे 'व्हॅल्यू' तेच राहते. खूण आहे की नाही, हे 'चेक्ड' या गुणधर्मावरून कळते.

मूल्य हे अक्षरमाला असते

रकान्याचे 'व्हॅल्यू' नेहमी अक्षरमालेच्या रूपात मिळते. रकाना संख्येचा असला तरीही. बेरजेचे चिन्ह अक्षरमाला जोडण्याचेही काम करते. म्हणून एका खेपेचे १२ क्विंटल आणि दुसरीचे ८ क्विंटल यांची बेरीज २० न येता १२८ येते. गुणाकारात असे होत नाही, कारण तेथे अक्षरमालेचे संख्येत रूपांतर आपोआप होते. एकाच आज्ञावलीत गुणाकार बरोबर आणि बेरीज चूक, असे दृश्य त्यामुळे दिसते.

रिकामा रकाना याहून फसवा आहे. 'नंबर' ही क्रिया रिकाम्या अक्षरमालेचे शून्य करते. वजन भरायचे राहिले तर स्क्रिप्ट तक्रार न करता रक्कम शून्य रुपये दाखवते. संख्येच्या रकान्यासाठी 'व्हॅल्यू-अ‍ॅज-नंबर' हा गुणधर्म वापरावा. तो अशा वेळी 'संख्या नाही' असे उत्तर देतो. साध्या मजकुराच्या रकान्यात ७,२०० असा स्वल्पविराम देऊन लिहिलेला भाव 'पार्स-फ्लोट' केवळ ७ असा वाचते, कारण स्वल्पविरामापाशी तिचे वाचन थांबते.

देवनागरी अंक

वरील सर्व उदाहरणांत अंक रोमन आहेत असे गृहीत धरले आहे. तेच देवनागरीत टंकित केले, तर जावास्क्रिप्टला ते अंक वाटतच नाहीत. देवनागरी १२ चे रूपांतर 'संख्या नाही' असे होते. नमुना तपासणीतील अंकासाठीचे नेहमीचे चिन्हही केवळ रोमन अंक ओळखते. संख्येच्या रकान्यात स्क्रिप्टने देवनागरी अंक ठेवू पाहिल्यास रकाना रिकामा होतो.

याची दुसरी बाजू विचित्र आहे. मराठी-भारत ही स्थाननिश्चिती देऊन 'टू-लोकेल-स्ट्रिंग' वापरले, तर तीच भाषा लाखाची रक्कम १,००,००० अशी शुद्ध देवनागरीत छापून देते. स्वतः छापलेले मात्र तिला परत वाचता येत नाही.

उपाय सोपा आहे. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आणि नऊचा २४१५ आहे. मधले अंक ओळीने येतात. प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की त्याची किंमत मिळते. त्यासाठी रकाना संख्येचा न ठेवता मजकुराचा ठेवावा, स्वल्पविराम काढून टाकावेत, अंक पालटावेत आणि मगच हिशेब करावा. शेतकऱ्याने कोणत्या लिपीत आकडा लिहावा, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने ठरवणे योग्य नव्हे.

घटना व पडताळणी

रकान्यात काहीही बदलताच 'इनपुट' ही घटना घडते. मजकुराच्या रकान्यात बदल करून तो सोडल्यावर 'चेंज' घडते. उच्चारानुसारी मराठी टंकलेखनात अर्धवट अक्षरांनाही 'इनपुट' घडू शकते, म्हणून पडताळणी 'चेंज'वर करणे बरे. पाठवण्याच्या वेळी 'सबमिट' ही घटना घडते आणि तेथे अर्ज अडवता येतो. स्क्रिप्टने जुनी 'सबमिट' क्रिया वापरल्यास ही घटना आणि पडताळणी दोन्ही टळतात. 'रिक्वेस्ट-सबमिट' वापरल्यास टळत नाहीत.

निष्क्रिय केलेल्या रकान्याचे मूल्य अर्जासोबत जात नाही. केवळ वाचनीय ठेवलेल्याचे जाते. स्क्रिप्टने काढलेली रक्कम दाखवायची आणि पाठवायचीही असेल, तर दुसरा प्रकार निवडावा. तरीही न्याहाळकातील स्क्रिप्ट वापरकर्त्याला बंद करता किंवा बदलता येते. त्यामुळे वजन व भाव यांवरून रक्कम सर्व्हरवर पुन्हा काढावी लागते. अर्जातून आलेली रक्कम ग्राह्य धरली जात नाही.